हातावरल्या आईची ओळख

प्रा. श्रीधरराव अंबलीकर, म्हणजे आपणा सर्वांचे अण्णा, यांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी मी लिहावं असा निरोप आला, तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. अण्णांच्या विद्वत्तेवर लिहायला अधिकारी माणसं पुष्कळ आहेत. मी जन्मभर पदार्थविज्ञान शिकवलेली मास्तरीण. निवृत्तीनंतर घरात बसून जीव आंबायला लागला म्हणून त्यांच्या रविवारच्या नाण्यांच्या वर्गात शिरलेली. पण मग वाटलं, अण्णांनी माझ्या माणसांसाठी जे केलं ते मी नाही सांगितलं तर कोण सांगणार? दुसऱ्या कोणाला ते ठाऊकच नाही. ज्या माणसाची ही हकिगत आहे, त्या माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, मी विचारलं. ती म्हणाली, "लिही की. त्यात लपवायचं काय?"

अण्णांचं घर धारवाडच्या सुभाष रोडच्या मागच्या बोळात, वरच्या मजल्यावर. पहिल्या दिवशी मी जिना चढून धापा टाकत गेले, तर दारातूनच, "बर्री, कूडरी" असं 'या, बसा'चं कानडीत स्वागत झालं. बसले न बसले तोच त्यांनी माझ्या हातात एक जुनं ग्रीक नाणं आणि भिंग दिलं. "काय दिसतं?" उघडा धट्टाकट्टा पुरुष, खांद्यावर गदा. मी ठणकावून सांगितलं, "भीम!" वर्गातले सगळे खोखो हसले. अण्णा हसले नाहीत. म्हणाले, "गदा पाहिलीत, उत्तम. आता दुसऱ्या हातावर काय लोंबतंय ते बघा." बघते तर सिंहाचं कातडं, पंज्यांसकट. "हा हेराक्लीज. बाई, तुम्ही आपल्या देवळातून उठून थेट त्यांच्या देवळात शिरलात. मध्ये पाय तरी धुवायचे की!" माझं तोंड एवढंसं झालं, पण त्या दिवसापासून एकही रविवार चुकवला नाही.

अण्णांची पद्धत त्यांच्या शिष्यांना पाठ आहे, पण हा ग्रंथ बाहेरचे लोकही वाचणार, म्हणून थोडक्यात सांगते. नाण्यावरचा देव चेहऱ्यावरून ओळखायला जाऊ नये. चेहरा सगळ्यांत उंच उठलेला असतो, म्हणून तो आधी झिजतो. हात बघावेत, डोकं बघावं, पायाशी काय बसलंय ते बघावं. हातात वज्र आणि जवळ गरुड असला तर झ्यूस. शिरस्त्राण आणि घुबड असलं तर अथीना. त्रिशूळ दिसला म्हणून हात जोडू नयेत, तो समुद्राचा पोसायडन असतो. अण्णांच्या हिशेबी एका खुणेवर फक्त संशय घ्यायचा, दुसरीवर आशा धरायची, आणि तिसरी सापडल्याशिवाय नाव उच्चारायचं नाही. आणखी एक नियम फार कडक. "नाणं आणा, गोष्ट घरी ठेवा." ते कुठे मिळालं, घरात त्याला काय म्हणतात, हे आधी सांगायचं नाही. गोष्ट कानात शिरली की डोळे तेच बघायला लागतात, असं ते म्हणतात.

या नियमांपुढे त्यांनी कोणाची भीडभाड ठेवली नाही. हुबळीचे एक बडे संग्राहक एकदा गाडीतून आले. त्यांना आपलं नाणं अथीनाचं ठरायला हवं होतं. "सर, शिरस्त्राण दिसतंय की हो!" अण्णांनी तासभर भिंगातून पाहिलं आणि म्हणाले, "मला शिरस्त्राण दिसत नाही, तुमची इच्छा दिसते." गृहस्थ तणतणत निघून गेले. आतून काकू, म्हणजे अण्णांच्या सौभाग्यवती, म्हणाल्या, "एक शब्द बोलला असतात तर काय जीभ झडली असती?" अण्णा म्हणाले, "नाणं माझ्यानंतरही राहणार. माझा शब्द त्याला चिकटून राहील." तेव्हा मलाही वाटलं होतं की हा माणूस अंमळ जास्तच ताठ आहे.

आता मूळ हकिगत. अक्काचं सासर जुन्या हुबळीतलं, भांड्यांच्या व्यापाऱ्यांचं. मोडीत आलेली जुनी चांदी या घराण्याच्या हातून पिढ्यान्‌पिढ्या गेली. त्यातलंच कधीतरी कोणीतरी बाजूला काढलेलं एक जाड चांदीचं नाणं त्यांच्या देवघरात, इतर टाकांच्या रांगेत बसलेलं होतं. त्यावर एक उभा पुरुष, आणि त्याच्या पसरलेल्या तळहातावर नखभर उंचीची बाई. घरात तिला म्हणत 'हातावरली आई'. पुरुष म्हणजे खंडोबा आणि ती म्हाळसा, असं सगळे धरून चालले होते. रोज हळदीकुंकू, सणाला चिंच लावून उजळणं, यात नाणं झिजून गुळगुळीत झालेलं.

या आईचं एक वेगळंच व्रत होतं. दर अमावास्येला तिन्हीसांजेला घरच्या सुनेने दुकानामागच्या तिवाठ्यावर, जिथे तीन वाटा एकत्र येतात तिथे, दहीभाताचा मुटका ठेवायचा, आणि भाताशेजारी लसणाची एक गड्डी. मी अक्काला चिडवायची, "देवीला लसूण? तुझी आई काय फोडणी घालणार आहे का?" ती म्हणायची, "सासूबाई ठेवायच्या, त्यांच्या सासूबाई ठेवायच्या. तू गप्प बस."

मग मालू गेली. मालू म्हणजे अक्काची मुलगी. कॉलेजात असताना मैत्रिणीच्या लग्नाला म्हणून अळणावरला गेली, पंगतीत जेवली, परतीच्या गाडीसाठी स्टेशनकडे निघाली, आणि तिथून पुढे तिचं काय झालं हे आजतागायत कळलेलं नाही. रान पालथं घातलं, पोलीस झाले, नवस झाले. शेवटी घरात तिचं नाव घेणंच बंद झालं. अक्का मात्र त्या महिन्यापासून तिवाठ्यावर भाताचे दोन मुटके ठेवू लागली. एक आईचा, एक मालूचा. मला एकदाच म्हणाली, "वाट चुकलीय गं ती. आई आणेल तिला." मी डोळे पुसले.

मेव्हणे गेल्यावर माझा भाचा सतीश याने दुकान आवरलं आणि अक्काला धारवाडला, आपल्या फ्लॅटमध्ये आणलं. मुलगा गुणी आहे, पण नवीन वसाहतीत तिवाठा कुठला? जिथे बघावं तिथे चौक नाहीतर सर्कल. पहिल्या अमावास्येला अक्काने इमारतीच्या फाटकापाशीच भात ठेवला, तर शेजाऱ्यांनी आरडाओरडा केला, करणी केली म्हणून. सतीशने हात जोडून आईला सांगितलं, "आता हे पुरे कर." अक्काने पुरे केलं. त्याबरोबर जेवणही पुरे केलं. "तिचं राहिलंय रे. माझ्या घशाखाली कसं उतरेल?" सुरुवातीला एक वेळ, मग दोन घोट दूध, मग तेही नको. डॉक्टरांना काही सापडेना. अक्का भिंतीकडे तोंड करून पडून राहायची, आणि अंगावरची कातडी सैल होत चालली होती.

त्याच दिवसांत फाटकाशी एक काळी कुत्री येऊन बसली. भुंकायची नाही, कोणाच्या मागे लागायची नाही. रखवालदाराने भाकरी टाकली, तिने हुंगलीदेखील नाही. मान वर करून तिसऱ्या मजल्यावरच्या अक्काच्या खिडकीकडे बघत राहायची. मी शास्त्र शिकवलेली बाई. म्हटलं, कुत्रंच ते, बसेल आणि जाईल. पण जिना चढताना माझी पाठ तिच्याकडे व्हायची तेव्हा मानेवर काटा यायचा, हे खोटं कशाला सांगू?

माझ्या डोक्यात एक साधा विचार आला. हे परदेशातलं जुनं नाणं आहे, यात आपली आईबिई कोणी नाही, असं अण्णांसारख्या माणसाने सांगितलं की अक्काच्या मनातली गाठ सुटेल. मी नाणं देवघरातून उचललं आणि अण्णांकडे नेलं. नियमाप्रमाणे गोष्ट घरी ठेवली. अमावास्या, तिवाठा, लसूण, मालू, यातला एक शब्द मी उच्चारला नाही. "ओळख पटवा" एवढंच म्हटलं. अण्णांनी भिंग लावलं आणि म्हणाले, "पुरुष झ्यूस. हातातला उंच राजदंड, कमरेभोवतीचं वस्त्र, उभं राहण्याची ढब, तिन्ही खुणा स्पष्ट आहेत. हातावरची बहुधा विजयाची देवी, नाइकी. झ्यूसच्या हातावर तीच असते. पण बहुधा म्हणजे ओळख नव्हे. राहू द्या माझ्याकडे."

त्या संध्याकाळी सतीशच्या फाटकाशी कुत्री नव्हती.

पुढच्या रविवारी वर्ग संपल्यावर काकूंनी मला स्वयंपाकघरात ओढलं. "नलूताई, ते नाणं घेऊन जा बाई. ते आल्यापासून एक काळी कुत्री आमच्या जिन्याखाली येऊन बसलीय. काही खात नाही, हलत नाही. नुसती वर बघते." मी हातातला कप तसाच ओट्यावर ठेवला. मी बाहेर येऊन अण्णांना विचारलं, तर म्हणाले, "कुत्री नाण्यावर नाही. जे नाण्यावर नाही ते मी धरत नाही." पण हे म्हणताना ते माझ्याकडे बघत नव्हते.

त्यानंतरच्या आठवड्यात, भर दुपारी, रस्त्यावर चिटपाखरू नसताना, अण्णा स्वतः सतीशच्या दारात उभे राहिले. मी तिथेच होते; माझ्या दाराला कुलूप दिसलं म्हणून शेजाऱ्यांकडून पत्ता घेऊन ते आले होते. बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "नाइकी नव्हे. नाइकीला पंख असतात, हिला नाहीत. नाइकीच्या हातात माळ असते, हिच्या दोन्ही हातांत मशाली आहेत. आणि काल सकाळच्या तिरप्या उन्हात तिसरी खूण दिसली. दुसऱ्या बाजूच्या राजाचं नाक गेलं, झ्यूसचा चेहरा गेला, पण ही नखभर बाई शाबूत आहे. मान एकच आहे, चेहरे तीन. तीन दिशांना बघतात." मग त्यांनी विचारलं, "बाई, आता एक विचारतो. तुमच्या घरचं कोणी अमावास्येला तीन वाटांवर जेवण ठेवतं का?"

सतीश उभा राहिला.

"आणि त्यात लसूण असतो का?"

मी मान हलवली. अण्णांनी डोळे मिटून घेतले. म्हणाले, "हिचं नाव हेकाटी. तीन वाटांची देवी. तिकडे लोक चंद्र नसलेल्या रात्रीसाठी तिचं पान मांडत, त्यात लसूण असे. आणि तिच्याबरोबर कुत्र्या असत. काळ्या." बाहेर एवढं ऊन पेटलेलं, पण त्या खोलीत कोणी खिडकी लावल्यासारखं झालं.

सतीशच आधी भानावर आला. तो अण्णांच्या पायाशी बसला. "सर, हे आईला सांगू नका. ती आधीच अर्धी गेलीय. तुम्ही नुसतं म्हणा, ही विजयाची देवी आहे, शुभ आहे, हिला तिवाठा लागत नाही. आई जेवेल. तुमच्या शब्दाला कोण आडवं येणार?" मीही म्हटलं, "अण्णा, नाइकी म्हणा. पाया पडते." अण्णा म्हणाले, "पंख नाहीत." तेव्हा माझा संताप संताप झाला. पंचाहत्तरीला आलेल्या गुरूंवर ओरडावं असे आमच्या घरचे संस्कार नाहीत, तरी मी ओरडले, "पंखांसाठी माझी बहीण मरू द्यायची का?"

अण्णा रागावले नाहीत. हळू आवाजात म्हणाले, "मी खोटं नाव सांगितलं तर तुमच्या अक्का त्याच नावाने हाक मारतील. हाक भलत्याच दारी जाईल. मला त्यांच्याकडे न्या."

अक्का भिंतीकडे तोंड करून पडली होती. अण्णा स्टुलावर बसले, खिशातून नाणं काढून तिच्या तळहातावर ठेवलं, आणि तिचं बोट धरून हळूच नाण्यावर फिरवलं. "ही उजव्या हातातली मशाल. ही डाव्या हातातली. तुमच्या आईला दूरदेशी हेकाटी म्हणतात."

"आम्ही आईच म्हणतो," अक्का भिंतीलाच म्हणाली.

"म्हणा की. हात तेच आहेत."

"मशाली कशाला घेतल्यात तिने?"

अण्णांनी सांगायला सुरुवात केली. तिकडे धान्याची एक देवी आहे, डिमीटर. तिची तरुण मुलगी फुलं वेचायला गेली आणि नाहीशी झाली. जमीन दुभंगली, पाताळाच्या राजाने तिला नेलं. कोणी पाहिलं नाही. ज्यांनी पाहिलं ते सांगेनात. आई रानोमाळ फिरली. अन्न सोडलं, पाणी सोडलं. तेव्हा हातात मशाल घेऊन एकटी ही आली. ही म्हणाली, मी पाहिलं नाही, पण तुझ्या लेकीने मारलेली हाक मी ऐकली.

मी दाराची चौकट धरून उभी होते. आता बस करा, असं ओरडावंसं वाटत होतं. अक्का हळूहळू या कुशीवर वळली. किती दिवसांनी मी तिचे डोळे पाहिले.

"हाक ऐकली?"

"ऐकली."

"मग सापडली का पोर?"

हो म्हणा, अण्णा. एकदा, फक्त एकदा, पुढे काही न बोलता हो म्हणा. मी मनात हेच घोकत होते. अण्णा म्हणाले, "सापडली. पण कायमची नाही मिळाली. वर्षातले काही महिने आईपाशी, बाकीचे खाली अंधारात. मात्र तेव्हापासून ही तिच्या सोबत असते. जाताना आणि येताना, पुढे आणि मागे."

"काही महिने?"

"काही महिने."

अक्काने नाणं मुठीत धरलं. "चालेल," ती म्हणाली. "काही महिने तर काही महिने. चालेल." मग माझ्याकडे बघून, "नलू, थोडा मऊ भात टाक गं."

मी स्वयंपाकघरात गेले आणि तांदूळ धुता धुता ढसाढसा रडले. सतीशने आईला चमच्याने भरवलं. पाच-सहा घास गेले. नंतर अण्णांना सोडायला जिन्याने उतरताना मी विचारलं, "अण्णा, मालूबद्दल तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोण मालू?" अण्णांनी विचारलं.

मी सांगितलं. तेव्हा ते तिथेच पायरीवर बसले, आणि पुष्कळ वेळ काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवत राहिले. मी म्हटलं, योगायोग असेल. तिवाठ्यावर भात तर कितीतरी घरांतून ठेवतात. अण्णा म्हणाले, "असेल. म्हणायला माझी हरकत नाही. पण मला आत्ता थोडं पाणी आणून द्या."

त्यांचा लोभ इथे संपला नाही. पुढचे कित्येक दिवस हा वृद्ध विद्वान काठी टेकत धारवाडच्या नव्या वसाहतींतून तिवाठा शोधत हिंडत होता. मी दाखवलेला एक त्यांनी नापास केला. "हे तीन नव्हेत बाई, चौथी वाट कुंपणाने बुजवलीय." शेवटी गावाबाहेर, शेतांच्या कडेला, खरा तीन वाटांचा त्यांनाच सापडला. दर अमावास्येला दिवस मावळता सतीश आम्हाला गाडीने तिथवर सोडतो आणि लांब थांबतो. अक्का आता दोन्ही वेळ जेवते, अंग धरलंय, मला पूर्वीसारखी दटावते. भात ठेवून मागे वळून न बघता गाडीपर्यंत चालत यायचं, असा रिवाज आहे. पुढे अण्णा, मध्ये मी, शेवटी अक्का. अण्णा देवळात जात नाहीत, उपास करत नाहीत, पण ही फेरी त्यांनी एकदाही चुकवलेली नाही. विचारलं तर म्हणतात, पाय मोकळे होतात.

गौरवलेखाच्या शेवटी शुभचिंतन करायचं असतं. मीही करते, पण त्यात माझा स्वार्थ आहे आणि तो उघड सांगते. गेल्या अमावास्येला आम्ही भात ठेवून परतत होतो. वारा पडलेला. धुळीत आमची पावलं वाजत होती, आणि अक्काच्या मागे आणखी कोणाची तरी. हलकी, अनवाणी, दमून आलेल्या माणसाची असावीत तशी. मी चालत राहिले. अक्काची पावलं थांबली नाहीत, वळली नाहीत. तिने फक्त पाऊल आखडतं घेतलं, मागून येणारीला गाठता यावं म्हणून. आणि सगळ्यांत पुढे असलेल्या अण्णांनी, काही न विचारता, मान न वळवता, आपलंही पाऊल आखडतं घेतलं.

अण्णा, तुमचे गुडघे, तुमची नजर, तुमचा श्वास, सगळं शाबूत राहो. पुष्कळ वर्षं आमच्या पुढे चाला, आणि असेच सावकाश चाला.